वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय वाळवंटात मोटरहोमचा मुक्काम : ॲरिझोनासाठी सविस्तर तयारी

ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर, कोलोरॅडो नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या वाळवंटात दर हिवाळ्यात हजारो मोटरहोम (आत राहायची सोय असलेल्या गाड्या) येऊन उभी राहतात. तिथे विजेचा खांब नसतो, नळ नसतो, गटार नसतं. आरव्ही पार्कात, म्हणजे अशा गाड्यांसाठी वीज-पाण्याची सोय असलेल्या तळावर, गाडी लावली की केबल खोचायची, पाण्याचा पाइप जोडायचा आणि विसरून जायचं. इथे तसं काही नाही. गाडीत जेवढं भरून आणलं तेवढ्यावर भागवायचं आणि जेवढं सांडलं ते सोबत घेऊन जायचं.

नवखी माणसं सहसा पाण्याची काळजी करतात. माझं मत वेगळं आहे. पाणी कॅनमधून आणता येतं, वीज सूर्य देतो, गॅस बरेच दिवस पुरतो. पण सांडपाण्याची टाकी भरली की ती रिकामी करायला अख्खं बिऱ्हाड उचलून डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, न्यावं लागतं. म्हणून मुक्काम किती दिवसांचा, हे बहुतेक वेळा ग्रे टाकी, म्हणजे अंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची टाकी, ठरवते. पुढची सगळी तयारी हे धरूनच सांगतो.

कधी जायचं

नोव्हेंबर ते मार्च. या महिन्यांत दिवसा २० अंश सेल्सियसच्या आसपास हवा असते, रात्री पारा पाचाच्या आसपास जातो आणि एखाद्या रात्री शून्यालाही टेकतो. उन्हाळ्यात याच जागी ४३ अंश ही रोजची गोष्ट असते. छतावरचा एसी बॅटरीवर चालवणं साध्या गाडीला झेपत नाही, आणि दिवसभर जनरेटर लावून बसण्यात काही अर्थ नाही. शिवाय १५ जून ते ३० सप्टेंबर हा तिथला मान्सूनचा काळ. त्यात धुळीची वादळं आणि अचानक येणारे लोंढे दोन्ही आले. उन्हाळ्यातच सुट्टी असेल तर वाळवंट सोडून उंचावरच्या जंगलात जा.

कुठे थांबायचं आणि नियम काय

या भागातली बरीचशी मोकळी जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे आहे. तिच्यावर बऱ्याच ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो. सर्वसाधारण नियम असा, की २८ दिवसांच्या काळात एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस. त्यानंतर किमान २५ मैल लांब जायचं.

पहिल्या वेळेसाठी मी क्वार्ट्झसाइट सुचवेन. आय-१० महामार्ग आणि यूएस ९५ जिथे एकमेकांना छेदतात तिथलं हे छोटं गाव. लोकसंख्या अडीच हजारांच्या आत, पण हिवाळ्यात भोवतालचं माळरान गाड्यांनी भरून जातं. गावात किराणा, गॅस, पाणी, दुरुस्ती सगळं मिळतं आणि त्याच वेळी पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर खरंखुरं मोकळं वाळवंट आहे. पहिल्याच वेळी काही चुकलं तर मदत जवळ असावी, हा माझा आग्रह आहे. प्लोमोसा रोड, हाय जॉली, स्कॅडन वॉश, डोम रॉक, रोडरनर या गावाभोवतीच्या १४ दिवसांच्या मोफत जागा. यांतल्या काही ठिकाणी यजमान (जागेची देखरेख करणारा माणूस) असतो. त्याच्याकडे आधी नाव नोंदवायचं.

हाय जॉली हे नाव एका माणसाचं आहे. अमेरिकी सैन्याने १८५६ मध्ये वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणले, तेव्हा त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला आला. हाजी अलीचा झाला हाय जॉली. १९०२ मध्ये तो क्वार्ट्झसाइटला वारला. गावातल्या दफनभूमीत त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर उंट. अवश्य पाहा.

जास्त दिवस राहायचं असेल तर बीएलएमची लाँग टर्म व्हिजिटर एरिया असते. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या पूर्ण हंगामाचा परवाना २०२४-२५ मध्ये १८० डॉलरचा होता, आणि सलग १४ दिवसांचा ४० डॉलरचा. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला असलेल्या ला पोसा क्षेत्रात परवानाधारकांसाठी डंप स्टेशन, पिण्याचं पाणी आणि कचरा टाकायची सोय आहे. माझ्या मते नवख्याने १४ दिवसांच्या परवान्याचे पैसे खुशाल द्यावेत. टाकी भरली तर उपाय दोन-चार मैलांवर असतो. इथल्या नियमांनुसार दोन गाड्यांमध्ये किमान १५ फूट अंतर लागतं, रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते, आणि शौचालयाच्या लगतची ठरावीक जागा सोडून इतरत्र गाडीला किमान १० गॅलनची, कायम बसवलेली सांडपाण्याची टाकी असावी लागते. तंबू किंवा साधी व्हॅन घेऊन जाणाऱ्यांनी ही अट विशेष लक्षात ठेवावी.

क्वार्ट्झसाइटच्या आग्नेयेला कोफा अभयारण्य आहे. ते फार देखणं आहे, पण तिथे गाडी ठरलेल्या रस्त्यापासून १०० फुटांच्या आतच लावायची. दक्षिणेला युमा प्रूव्हिंग ग्राउंड हे लष्कराचं चाचणी क्षेत्र लागतं. त्याच्या हद्दीच्या पाट्या दिसल्या की तिथूनच मागे फिरायचं. न फुटलेले बॉम्बगोळे जमिनीत असू शकतात. आणि ॲरिझोनाचा एक कायदा बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतो. जंगली प्राणी किंवा गुरं जिथे पाणी पितात अशा एकमेव पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करायला मनाई आहे. माणूस जवळ असला की प्राणी तहानलेले राहतात पण पाण्यावर येत नाहीत.

भाड्याची गाडी असेल तर करार वाचा

अनेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास बंदी असते किंवा जनरेटरच्या तासांचे वेगळे पैसे लागतात. आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. रस्त्यावरच्या मदतीच्या योजनाही पुष्कळदा डांबरी रस्त्यापुरत्याच असतात. वाळूत रुतलेलं पाच टनांचं मोटरहोम ओढून काढायला खासगी टोवाला किती घेईल, हे तिथे अडकल्यावर विचारायची वेळ येऊ नये.

घरीच एक रात्र काढा

निघण्याआधी घरासमोर किंवा जवळच्या कॅम्पग्राउंडवर, कोणतीही जोडणी न करता, गाडीत एक पूर्ण रात्र राहा. फ्रिज गॅसवर, दिवे बॅटरीवर, पाणी पंपावर. सकाळी बॅटरी किती उतरली, टाक्या किती भरल्या ते लिहून ठेवा. या एका रात्रीत गाडीची बहुतेक दुखणी बाहेर येतात : गॅसवर न पेटणारा फ्रिज, मान टाकलेली बॅटरी, गळणारा पंप. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळतीचे अलार्म बटण दाबून तपासा. त्यांच्या मागे मुदत संपल्याची तारीख असते, तीही पाहा.

पाणी आणि सांडपाण्याचा हिशेब

समजा, २५ फुटी गाडी आहे आणि माणसं दोन. फ्रेश (स्वच्छ पाण्याची) टाकी १५० लिटर, ग्रे टाकी ११५, ब्लॅक (संडासाची) टाकी ११५. नेहमीच्या शॉवरखाली मिनिटाला ७ लिटर पाणी जातं. पाच मिनिटांची अंघोळ म्हणजे ३५ लिटर, दोघांचे ७०. भांडी आणि हात-तोंड धरलं तर ग्रे टाकी दुसऱ्याच दिवशी तोंडाशी येते. तेच पाणी दोघांनी मिळून दिवसाला २० लिटरवर आणलं आणि त्यातलं १२ लिटरच ग्रे टाकीत गेलं, तर नऊ दिवस निघतात. फ्रेश टाकीतलं पाणी सातव्या-आठव्या दिवशी संपेल, पण ते गावातून कॅनने आणता येईल. पिण्याचं पाणी या हिशेबात नाही. माणशी दिवसाला ४ लिटर वेगळं, बंद कॅनमध्ये ठेवा. वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम जाणवत नाही, म्हणून तहान लागायची वाट न पाहता पीत राहायचं.

अंघोळ अशी करा. गरम पाणी नळाला यायच्या आधी जे गार पाणी वाहतं ते शॉवरखाली ठेवलेल्या तांब्यात किंवा बाटलीत धरा. साधारण दोन लिटर निघतं, ते स्वयंपाकाला किंवा पिण्याला चालतं. मग अंग ओलं करा आणि शॉवर बंद करा. साबण लावा, पुन्हा सोडा, धुऊन घ्या, बंद. शॉवरच्या मुठीवर बंद करायचं बटण असतं. त्यातून दोन-चार थेंब गळत राहतात आणि ते गळू द्यायचे असतात, नाहीतर पुन्हा सोडताना अंगावर एकदम कढत पाणी येतं. एवढ्यात ७-८ लिटरमध्ये नीट अंघोळ होते. दिवसाआड केली आणि मधल्या दिवशी ओल्या टॉवेलने अंग पुसलं तर हवा कोरडी असल्याने काही अडत नाही.

खरी बचत मात्र भांड्यांत आहे. ताटातलं खरकटं आणि तेल आधी कागदाने पुसून काढा आणि तो कागद कचऱ्यात टाका. फवाऱ्याच्या एका बाटलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फवारा मारून घासायचं, फवारा मारून धुवायचं. सिंकमध्ये प्लास्टिकचं टब ठेवा आणि त्यात साठलेलं पाणी संडासात ओता. एकाच पाण्यात दोन कामं होतात : ग्रे टाकी वाचते आणि फ्लशसाठी ताजं पाणी लागत नाही. ब्लॅक टाकी दोन माणसांना आठ-दहा दिवस आरामात पुरते, तिच्यात जागा असते. उलट तिच्यात पाणी फारच कमी पडलं तर मैला पाइपच्या तोंडाखाली ढीग होऊन घट्ट बसतो आणि पुढे टाकी साफ होता होत नाही. म्हणून पाण्याची काटकसर संडासात करू नका, बाकी सगळीकडे करा. कागद वेगळ्या पिशवीत टाकलात तर आणखी बरं.

टाकीची पातळी दाखवणाऱ्या दिव्यांवर फार भरवसा ठेवू नका. ब्लॅक टाकीचे दिवे तर आत घाण चिकटल्याने रिकामी टाकीही भरलेली दाखवतात. शॉवरच्या तळाच्या जाळीतून पाणी वर येऊ लागलं की ग्रे टाकी भरली, ही खूण नक्की. पण वेळ तिथवर येऊ देऊ नये.

ग्रे टाकीचा नळ हळूच उघडून पाणी जमिनीत सोडणारे लोक दिसतील. तसं करू नका. लाँग टर्म क्षेत्रात तर त्याला सरळ मनाई आहे. अन्नाचे कण आणि साबण यांमुळे वास सुटतो, माशा आणि उंदीर येतात, आणि पाऊस नसलेल्या मुलखात तो डाग महिनोन्महिने जात नाही. तुमच्यानंतर त्याच जागी कुणाचं तरी मूल खेळणार असतं.

वीज : रात्रीचा हिशेब आधी मांडा

वीज वॉट-तासांत मोजली की गोंधळ होत नाही. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १२०० वॉट-तास असतात. लेड-ॲसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर ती लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर ८० ते ९० टक्के बिनधास्त वापरता येतात. लेड-ॲसिडचा अंदाज व्होल्टमीटरवर येतो : सकाळी उठल्यावर, काहीही चालू नसताना १२.७ म्हणजे पूर्ण, १२.१ ते १२.२ म्हणजे अर्धी. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं, म्हणून तिला शंट (आत-बाहेर जाणारी वीज मोजणारा भाग) लावलेला बॅटरी मॉनिटर हवाच.

आता खर्च. एलईडी दिव्यांचे संध्याकाळभरात ५० वॉट-तास होतात. लॅपटॉप चार तास, २००. फोन किरकोळ. पाण्याचा पंप दिवसातून काही मिनिटंच चालतो, तो विसरा. गॅसवरच्या फर्नेसलाही, म्हणजे गाडी उबदार ठेवणाऱ्या भट्टीलाही, पंख्यासाठी ८०-१०० वॉट लागतात. थंड रात्री एकतृतीयांश वेळ चालला तरी ३०० वॉट-तास जातात. लोकांच्या बॅटऱ्या रात्रीतून उतरतात त्या बहुधा यामुळे. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असेल तर दिवसाचे ५०० ते ७०० धरा; गॅसवर चालणारा जुना फ्रिज जवळपास काहीच खात नाही. आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १०-२० वॉट ओढत राहतो, म्हणजे चोवीस तासांत २४० ते ४८०. वापर झाला की तो बंद करायची सवय लावा. उपग्रह इंटरनेटचा अँटेना ५० ते ७५ वॉट घेतो, त्यामुळे तो दिवसभर चालू ठेवायचा तर त्याच्यासाठी वेगळा सोलर धरावा लागतो.

कॉफी मेकर, मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर यांना बॅटरीवर हात लावू नका. पाणी गॅसवर तापवा.

सोलरचं गणित हिवाळ्यात बदलतं. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही या अक्षांशावर सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंशांवर असतो. छतावर आडवं पडलेलं २०० वॉटचं पॅनेल तेव्हा दिवसाला ४५०-५०० वॉट-तास देईल. तेच दक्षिणेकडे तोंड करून उभं तिरकं केलं तर ८०० च्या आसपास मिळतात. म्हणून माझी पसंती छतावरच्या पॅनेलला जोड म्हणून जमिनीवर ठेवायच्या घडीच्या पॅनेलला. सकाळी ते थोडं पूर्वेकडे, दुपारी पश्चिमेकडे वळवता येतं. त्याला दगड किंवा वाळूची पिशवी बांधा, वारा त्याला उडवून नेतो.

जनरेटर लागलाच तर सकाळी लावा, संध्याकाळी नाही. सकाळी बॅटरी रिकामी असते आणि वेगाने घेते; शेवटचे १५-२० टक्के ती फार हळू भरते, ते काम सूर्यावर सोडा. सकाळचा तास-दीड तास बहुतेकदा पुरतो. गाडीत बसवलेला जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल घेतो, तासाला साधारण २ ते ३ लिटर. टाकी पाव राहिली की तो आपोआप बंद पडतो. तुम्हाला गाव गाठता यावं म्हणून नळी मुद्दाम तेवढ्या उंचीवर ठेवलेली असते. त्याचा धूर कोणत्या बाजूला जातो ते पाहा, त्या अंगाच्या खिडक्या बंद ठेवा, आणि तो चालू ठेवून कधीही झोपू नका.

गॅस आणि ऊब

फ्रिज, शेगडी आणि गीझर मिळून प्रोपेन, म्हणजे गाडीतला गॅस, हळूहळू वापरतात. खादाड असतो तो फर्नेस. ३०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) फर्नेस सलग चालला तर तीन तासांत एक गॅलन गॅस जाळतो. म्हणून रात्री थर्मोस्टॅट १० अंशांवर ठेवा आणि जाड रजई घ्या. सकाळी उठायच्या आधी अर्धा तास वाढवा. बिनविजेचा इन्फ्रारेड गॅस हीटर उत्तम ऊब देतो, पण तो आतल्या हवेतला ऑक्सिजन वापरतो. छतावरचा व्हेंट (हवा खेळायची झडप) आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवूनच लावायचा, आणि झोपताना बंद.

जागा निवडणं आणि गाडी लावणं

उजेडात पोहोचा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी हा माझा नियम. डांबर संपलं की गाडी थांबवा, खाली उतरा आणि पुढचा रस्ता पायी चालून पाहा. टाचेखाली जमीन खचते का, खळग्यातून उतरताना मागच्या चाकांपलीकडे आलेला गाडीचा भाग टेकेल का, वळायला जागा आहे का. बारीक खडे घट्ट बसून फरशीसारखी झालेली काळपट जमीन गाडीचं वजन पेलते. फिकट, मऊ, रवाळ वाळू पेलत नाही. फावडं आणि चाकाखाली घालायच्या दोन फळ्या जवळ असू द्या.

वॉशमध्ये कधीही थांबू नका. वॉश म्हणजे एरवी कोरडा असलेला ओढा, आणि तो ओळखणं अवघड जातं कारण तोच सगळ्यांत आकर्षक दिसतो : सपाट मऊ तळ, दोन्ही काठांना पालो व्हर्डे आणि आयर्नवूडची हिरवी झाडं. झाडं तिथे आहेत कारण पाणी तिथूनच जातं. पन्नास किलोमीटरवरच्या डोंगरात पाऊस पडला तरी तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असताना लोंढा येऊ शकतो. ३० सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाड्या तरंगवतं आणि ६० सेंटिमीटर बहुतेक वाहनं वाहून नेतं. काठाला अडकलेल्या काटक्या-पालापाचोळ्याची रेष दिसली की समजा, पाणी तिथवर चढलं होतं. येण्याजाण्याचा रस्ता वॉश ओलांडत असेल तर पावसाच्या अंदाजाच्या आदल्या दिवशीच बाहेर पडा.

जिथे आधी कुणी राहिलं आहे, दगडांची चूल आणि चाकोऱ्या आहेत, तिथेच थांबा. नवी जागा पाडू नका. १९४२ ते १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याने याच मुलखात रणगाड्यांचं प्रशिक्षण घेतलं. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा आजही जमिनीवर काही ठिकाणी दिसतात. तुमच्या सहा चाकांची खूणही अशीच राहणार आहे. हे मला फार मनाला लागतं, म्हणून इतकं आवर्जून सांगतो.

जागा ठरली की दिशा पाहा. गॅसवरचा फ्रिज ज्या भिंतीला आहे ती बाजू शक्यतो उत्तरेकडे, सावलीत ठेवा. त्याला तापलेली भिंत सोसत नाही. जोराच्या वाऱ्याचा अंदाज असेल तर गाडीचं नाक वाऱ्याकडे करा. मग ठोकळे लावून गाडी समपातळीत आणा. गॅसवरच्या फ्रिजमधलं द्रव गुरुत्वाकर्षणाने फिरतं; गाडी एका अंगाला तीन अंशांहून जास्त कललेली राहिली तर आतलं द्रव अडकतं आणि तो कायमचा खराब होऊ शकतो.

वारा, धूळ आणि आगंतुक

ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर, उघडं ठेवून फिरायला जाऊ नका. झोपतानाही गुंडाळा. वाळवंटात वारा चाहूल न देता उठतो, आणि ऑनिंगचे वाकलेले हात दुरुस्त करायचा खर्च सबंध सहलीपेक्षा जास्त येतो. गाडी चालवताना धुळीच्या भिंतीत सापडलात तर रस्त्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, थांबा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि पाय ब्रेकवरून काढा. दिवे चालू राहिले तर मागचा माणूस तुम्ही रस्त्यावर चालत आहात असं समजून तुमच्या मागे येतो आणि धडकतो.

पॅकरॅट हा इथला खरा उपद्रवी. हा उंदीर रात्री उबदार इंजिनात घुसतो, घरटं करतो आणि वायरी कुरतडतो. रात्री बॉनेट उघडं ठेवलं की आतला अंधार आणि आडोसा जातो आणि त्याला तिथे राहावंसं वाटत नाही. सकाळी एकदा आत डोकावायचंच. विंचवांसाठी अतिनील टॉर्च घ्या, तिच्या उजेडात ते हिरवे-निळे चमकतात. बाहेर ठेवलेले बूट झटकून घाला. चोया निवडुंगाचा गोळा पायाला किंवा कुत्र्याच्या पंज्याला चिकटला तर हाताने ओढू नका, हाताला चिकटेल. कंगव्याचे दात गोळ्याखाली घालून झटक्यात उडवा, उरलेले काटे चिमट्याने काढा. म्हणून कंगवा आणि चिमटा गाडीत नाही, खिशात हवा.

जुन्या खाणींची तोंडं डोंगरात जागोजागी दिसतात. आत जाऊ नका, काठावर उभेही राहू नका. फिरायला निघताना फोनवर गाडीची जागा नोंदवून ठेवा आणि घरच्या कुणाला तरी अक्षांश-रेखांश कळवा. डोंगराआड गेलं की रेंज जाते.

लाकूड सोबत आणा. आयर्नवूड, मेस्किट तोडायचं तर नाहीच, आणि सग्वारो या उंच निवडुंगाला धक्का लावणं ॲरिझोनात गुन्हा आहे.

निघताना

पायरी आत, व्हेंट बंद, गॅस बंद, अँटेना खाली, ठोकळे गाडीत. मग गाडीला एक फेरी मारा आणि वाकून चाकांखाली पाहा. उन्हाच्या दिवसांत वाळवंटी कासवं गाडीच्या सावलीत येऊन बसतात, आणि इंजिन सुरू झालं तरी हलत नाहीत. कासव सापडलं तर त्याला उचलायची घाई करू नका. घाबरलं की ते साठवून ठेवलेलं पाणी सोडून देतं, आणि कोरड्या दिवसांत ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. ते आपणहून जाईपर्यंत थांबा.

डंप स्टेशनवर आधी ब्लॅक टाकी सोडा, मग ग्रे. ग्रेच्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घाला. ब्लॅक टाकीचा नळ बंद करून तिच्यात दहा-बारा लिटर पाणी परत टाका आणि मगच पुढे चला, म्हणजे तळ कोरडा पडून चिकटत नाही. डंपजवळचा पाइप धुण्याचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगवेगळे असतात. पाटी वाचा, आणि हातमोजे काढून, हात धुऊन, दुसऱ्या स्वच्छ पाइपनेच फ्रेश टाकी भरा.